पोटातील एकच लिम्फ नोड, त्यातील रक्तवाहिन्या आणि कॅसलमन रोग

पंचगंगा

नमस्कार. माझे धाकटे दीर, वय ३१, इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर (माग लावून देणारे, दुरुस्त करणारे कारागीर) म्हणून काम करतात. मागील पावसाळ्यात त्यांना बेंबीच्या डाव्या अंगाला जडपणा जाणवू लागला. जेवण झाल्यावर तो वाढत असे. सोनोग्राफीत ५.८ बाय ४.६ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि अहवालात ‘मेसेंटरिक लिम्फ नोड मास’, म्हणजे मेसेंटरीतील लसिकाग्रंथीची गाठ, असे लिहून आले. मेसेंटरी म्हणजे लहान आतड्याला पाठीच्या भिंतीशी बांधून ठेवणारा पडदा, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

आमच्याकडे पोटातील गाठ म्हटले की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो अगदीच अस्थानी असतो असे मी म्हणणार नाही. आमच्या चुलत सासऱ्यांना आतड्याचा टीबी झाला होता आणि ते औषधांनी पूर्ण बरे झाले. दिरांच्या गाठीची बारीक सुईने तपासणी झाली, तिचा निष्कर्ष ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे कशाच्या तरी प्रतिक्रियेने वाढलेला नोड, एवढाच आला आणि टीबीचे जंतू कोठेही सापडले नसताना एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू करण्यात आली. दहा आठवडे त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. लघवी केशरी झाली, भूक मेली, वजन तीन किलोंनी उतरले. गाठ मात्र तसूभरही कमी झाली नाही.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या शहरात जाऊन डाय (रक्तवाहिन्या उजळून दाखवणारे द्रव्य) देऊन सीटी स्कॅन केला. तेथील रेडिओलॉजिस्टांनी मला पडद्यासमोर बसवून दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवली. डाय देण्यापूर्वीच्या चित्रात गाठ आजूबाजूच्या स्नायूंसारखी करडी होती. डाय गेल्यानंतरच्या चित्रात तीच गाठ जवळजवळ महारोहिणीइतकी उजळली होती आणि वरून उतरणारी सुतळीएवढी जाड रक्तवाहिनी थेट तिच्यात शिरत होती. त्यांचे म्हणणे असे की, टीबीने पोखरलेला लिम्फ नोड बहुधा मधोमध काळा राहतो आणि कडेने उजळतो, परंतु ही गाठ अखंड उजळली आहे, म्हणून विचार वेगळा करावा लागेल. पुढे २४ तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन्स (रक्तदाब वाढवणारे हार्मोन सोडणारा ट्यूमर नाही ना, हे दाखवणारी द्रव्ये) तपासून झाल्यावर, सीटीच्या मदतीने जाड सुईने तुकडा काढला गेला. अहवाल असा: ‘फीचर्स सजेस्टिव्ह ऑफ कॅसलमन डिसीज, हायलाइन व्हॅस्क्युलर टाइप, एक्सिजन बायॉप्सी अॅडव्हाइज्ड.’ म्हणजे लक्षणे कॅसलमन रोगाच्या त्या प्रकारासारखी आहेत, गाठ पूर्ण काढून तपासावी.

शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी ठरली आहे. घरात एक जण हा कॅन्सरच आहे म्हणतो, दुसरा म्हणतो की कॅन्सर नसेल तर पोट फाडायचे कशाला. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: हा रोग नेमका काय आहे, शस्त्रक्रियेपूर्वी आणखी कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात, आणि इतक्या रक्तवाहिन्या असलेली गाठ काढताना रक्तस्राव कसा आवरतात. डॉक्टरांशी बोलणे झालेले आहे, पुन्हाही होईल. परंतु दहा मिनिटांत डोक्यात जे शिरते त्याला मर्यादा असते.

सूक्ष्मदर्शी

पंचगंगा, आपण इतके व्यवस्थित लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे माझे उत्तर काचपट्टीवरून सुरू होईल.

निरोगी लिम्फ नोडमध्ये पेशींचे गोल पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्याच्या मध्यभागी पेशी वाढण्याचे एक केंद्र असते आणि त्याभोवती लहान लिम्फोसाइट पेशींचे कडे असते. हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकारात हे केंद्र सुकून आक्रसते आणि भोवतीच्या पेशी एकाबाहेर एक अशा वर्तुळांत उभ्या राहतात. आडवा कापलेला कांदा जसा दिसतो तसे ते दृश्य असते आणि आमच्या भाषेतही त्याला कांद्याचीच उपमा आहे. त्याच वेळी बाहेरून एक जाड भिंतीची रक्तवाहिनी पुंजक्याला भेदून थेट केंद्रात जाते. तिची भिंत काचेसारख्या गुळगुळीत गुलाबी द्रव्याने भरलेली असते आणि नावातील ‘हायलाइन’ हा शब्द त्यावरून आला आहे. काप योग्य जागी पडला तर गोल पुंजका आणि त्यात घुसलेली वाहिनी मिळून काडीवरची गोळी दिसावी तसे चित्र दिसते. कधी एकाच कड्याच्या आत दोन केंद्रे जुळ्यांसारखी बसलेली आढळतात. पुंजक्यांच्या मधल्या जागेत तर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळेच माजलेले असते. सीटीमध्ये गाठ उजळण्याचे कारण हेच.

बारीक सुईची तपासणी ‘रिअॅक्टिव्ह’ का आली, हेही यातूनच कळेल. त्या सुईत सुट्या पेशी येतात आणि या रोगात सुट्या पेशी बहुतांशी निरोगीच दिसतात. बिघाड असतो तो त्यांच्या मांडणीत. विटा तपासून वाड्याचा आराखडा कळत नाही. त्यामुळे त्या पॅथॉलॉजिस्टने चूक केली असे मी म्हणणार नाही, परंतु त्या अहवालावर दहा आठवडे एकेटी चालवणे मला पटलेले नाही. आपल्या देशात पोटाचा टीबी इतका आहे की संशय घेणे रास्तच असते. मात्र शक्य असेल तेथे आधी पुरेसा तुकडा काढून जंतू किंवा टीबीची विशिष्ट रचना शोधायला हवी.

हा रोग बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांच्या नावाने ओळखला जातो. १९५४ मध्ये तेथील एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली आणि १९५६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १३ रुग्णांचे वर्णन केले. ते सगळे छातीतील गाठींचे रुग्ण होते आणि त्या गाठी थायमस ग्रंथीच्या ट्यूमरसारख्या वाटत असत. १९७२ मध्ये ८१ रुग्णांचा अभ्यास आला, त्यांतील सुमारे ९१ टक्के हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकारचे होते आणि उरलेले प्लाझ्मा सेल प्रकारचे, म्हणजे प्लाझ्मा नावाच्या पेशी दाटलेल्या गाठींचे. छाती ही या गाठीची नेहमीची जागा. मान, पोट आणि पोटामागील पोकळी या तिच्या इतर जागा होत.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो आपल्या यादीत नाही: गाठ एकच आहे की अनेक ठिकाणी आहेत? एकाच ठिकाणचा रोग आणि अनेक ठिकाणचा रोग यांचे नाव एक असले तरी वाट निराळी आहे. पहिल्यात गाठ संपूर्ण काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. दुसऱ्यात ताप, सूज, रक्तक्षय, पोटात पाणी, मूत्रपिंडांवर ताण अशी सर्व शरीराची तक्रार असते आणि तेथे औषधोपचार करावे लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी संपूर्ण शरीराचा पेट सीटी, एचआयव्हीची चाचणी आणि तुकड्यावर एचएचव्ही-८ या विषाणूचा रंग या तीन गोष्टी झाल्या आहेत का, हे विचारावे. सोबत हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या दोन चाचण्या), अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि इम्युनोग्लोब्युलिन्स हवेत.

निशिगंध

सूक्ष्मदर्शी, लेख वाचावा तसा प्रतिसाद वाचला. तरीही घरातील ज्येष्ठांना सांगण्यासाठी एका ओळीचे उत्तर हवे असते. हा कॅन्सर आहे की नाही?

सूक्ष्मदर्शी

नाही. एका ठिकाणचा हायलाइन व्हॅस्क्युलर कॅसलमन हा कॅन्सर नाही आणि तो पूर्ण काढल्यानंतर केमोथेरपी देत नाहीत.

एका ओळीत न मावणारा भाग असा की, लिम्फ नोडच्या सांगाड्यातील काही पेशींमध्ये पीडीजीएफआरबी नावाच्या जनुकातील बदल काही रुग्णांत आढळला आहे, त्यामुळे ही केवळ ‘सूज’ आहे असेही म्हणता येत नाही. याच सांगाड्याच्या पेशींपासून क्वचित सार्कोमा उद्भवतो आणि लिम्फोमाही क्वचित सोबत सापडतो. म्हणून जाड सुईच्या तुकड्यावर न थांबता पूर्ण गाठ तपासायची असते. ज्येष्ठांना मात्र पहिलाच परिच्छेद सांगावा.

पाचवा_टाका

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. रक्तस्रावाबद्दल लिहितो.

या गाठीची खोड अशी की ती स्वतः मऊ रबरासारखी आणि वेगळी निघण्याजोगी वाटते, परंतु तिच्या पृष्ठभागावर फुगलेल्या शिरांची जाळी असते आणि एखादी शीर फाटली की शस्त्रक्रियेची सगळी जागा क्षणात रक्ताने भरते. त्यामुळे आम्ही गाठीला हात लावण्याआधी तिच्याकडे येणारी रोहिणी शोधून बांधतो. मोठ्या गाठीत त्याच्या एक-दोन दिवस आधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून तीच रोहिणी आतून बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. मेसेंटरीत हे जपून करावे लागते, कारण गाठीला रक्त देणारी फांदी आणि आतड्याला रक्त देणारी फांदी एकाच खोडाच्या असतात. चुकीची फांदी बंद झाली तर आतड्याचा तेवढा भाग काळा पडतो. याच कारणाने गाठीबरोबर आतड्याचा छोटा तुकडा काढून टोके जोडावी लागण्याची शक्यता आधीच सांगून सही घेतात. ती सही पाहून घाबरू नये. रक्ताच्या पिशव्या जुळवून ठेवलेल्या असाव्यात एवढे पाहावे. दुर्बिणीतून की पोट उघडून, हा निर्णय माझ्या मते गाठीच्या जागेवर सोडावा; लहान छेदाच्या हौसेपायी गाठ फोडून काढण्यात काही अर्थ नाही.

लघवीतील मेटानेफ्रिन्स आधी तपासली, याचे मला विशेष कौतुक वाटते. पॅरागँग्लिओमा हा ट्यूमर सीटीमध्ये असाच उजळतो आणि तो ओळखू न येता त्यात सुई घातली तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

एक विचारायचे राहिले: आपल्या दिरांच्या तोंडात, ओठांवर न भरणारी क्षते आहेत का? या रोगात क्वचित पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस नावाचा त्वचेचा विकार जडतो. तो तोंडापासून सुरू होतो आणि पुढे फुप्फुसांतील बारीक नळ्यांनाही इजा करू शकतो. ती इजा गाठ काढल्यावरही भरून येईलच असे नसते. तसे काही असल्यास भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवे.

पंचगंगा

तोंडात काही नाही. मी आज त्यांना मुद्दाम उजेडात बसवून पाहिले. हिमोग्लोबिन १३.४, ईएसआर १८, एचआयव्ही नकारात्मक. पेट सीटी झालेला नव्हता, तो पुढील सोमवारी ठरवला. एचएचव्ही-८ विषयी विचारले तेव्हा डॉक्टरांनी ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवून ठेवलेल्या तुकड्यावर, तो रंग करायला सांगितले आहे.

मांजरा

मी लातूरची. माझ्या मुलीला याच रोगाची गाठ होती, पण आमची कथा अगदी उलट्या बाजूने सुरू झाली, म्हणून लिहिते.

तिसरीत शिवलेला गणवेश तिला पाचवीतही बरोबर बसत होता. सुरुवातीला मला त्याचा आनंदच झाला, एक खर्च वाचला म्हणून. आज ते आठवले की स्वतःचीच लाज वाटते. तिचे हिमोग्लोबिन ७.४ होते. लोहाचे औषध दिले, जंताचे दिले, खजूर-गूळ झाले, थॅलेसेमियाची तपासणी झाली. वर्षभर लोह देऊन हिमोग्लोबिन ८ च्या वर गेले नाही. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासले तर ते चढलेले होते आणि रक्तातील लोह मात्र तळाला. त्यांनी आम्हाला सांगितले की कोठार भरलेले आहे, परंतु त्याला कुलूप लागले आहे, आणि कुलूप लावणारा कोण ते शोधायचे आहे. सीआरपी खूप वाढलेले होते. सोनोग्राफीत मेसेंटरीत लिंबापेक्षा थोडी मोठी गाठ सापडली. पोटदुखीची तक्रार तिने कधीच केली नव्हती.

तिचा प्रकार प्लाझ्मा सेलचा निघाला. शस्त्रक्रियेनंतर लोहाचा एक थेंबही न देता चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२ वर आले आणि वर्षभरात दोन गणवेश बदलावे लागले. सूक्ष्मदर्शींना विनंती की त्या कुलपाविषयी लिहावे. आम्हाला त्या वेळी नीट कळले नव्हते.

सूक्ष्मदर्शी

आपल्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेली उपमा उत्तम आहे. गाठीतून इंटरल्युकिन-६ नावाचा संदेशवाहक पदार्थ रक्तात सुटतो. तो यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतो आणि हेप्सिडिन हेच ते कुलूप. त्यामुळे आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठ्यातून बाहेर पडत नाही. यकृतात सीआरपी वाढते तेही याच इंटरल्युकिनमुळे, आणि मुलांची वाढ खुंटण्यामागेही या दीर्घ दाहाचाच हात असतो. गाठ निघाली की संदेश थांबतो, कुलूप उघडते. प्लाझ्मा सेल प्रकारात हे अधिक दिसते. पंचगंगांच्या दिरांचे हिमोग्लोबिन आणि ईएसआर ठीक आहेत, हे हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकाराला धरूनच आहे.

गाठीतून इंटरल्युकिन-६ सुटते हे जपानमधील ओसाकाच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले. त्याच धाग्यावरून पुढे टॉसिलिझुमॅब तयार झाले आणि जपानने २००५ मध्ये ते प्रथम मान्य केले ते कॅसलमन रोगासाठीच. कोविडच्या काळात ज्या इंजेक्शनसाठी आपल्याकडे नातेवाईक शहरभर वणवण फिरले, ते हेच. सिल्टुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ही औषधे अनेक ठिकाणच्या रोगासाठी आहेत.

दूरदेशी

मी फिलाडेल्फियात राहतो. येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड फाजगेनबॉम नावाचे डॉक्टर आहेत. २०१० मध्ये वैद्यकीय विद्यार्थी असताना त्यांना हा रोग झाला, ते अनेकदा मरणाच्या दारातून परत आले, २०१२ मध्ये त्यांनी संशोधक आणि रुग्णांना एकत्र आणणारे जाळे उभारले आणि स्वतःच्याच रक्ताच्या नमुन्यांचा अभ्यास करून सिरोलिमस हे मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले जाणारे जुने औषध निवडले. २०१४ पासून ते त्यावर आहेत.

हे लिहिण्याचे कारण निराळे आहे. इंटरनेटवर कॅसलमन असे शोधले की पहिली कथा त्यांचीच येते आणि वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होते. त्यांचा रोग अनेक ठिकाणचा, कारण न सापडणारा प्रकार आहे. पोटात एकच गाठ असलेल्या माणसाने ती कथा स्वतःची समजून वाचू नये. माझ्या मामेभावाने अशी वाचली आणि दोन रात्री झोपला नाही. त्याच्या मानेत एक गाठ होती, ती निघाली आणि विषय संपला.

साधा_प्रश्न

गाठ कॅन्सर नाही, रक्त ठीक आहे, दुखणेही फार नाही. मग औषधाने विरघळवण्याचा किंवा नुसते थांबून पाहण्याचा मार्ग का नको?

पाचवा_टाका

प्रश्न रास्त आहे. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल आणि काढताना जिवाला धोका असेल, तर त्रास नसलेल्या रुग्णात थांबून लक्ष ठेवतात. त्रास असेल तर रिट्युक्सिमॅब हे औषध, रेडिएशन किंवा एम्बोलायझेशन यांनी ती लहान करून पुन्हा काढण्याचा विचार करतात. परंतु हायलाइन व्हॅस्क्युलर गाठ औषधाने नाहीशी होईल असा भरवसा नसतो, आणि जी गाठ सहज निघण्याजोगी आहे ती काढल्याने रोगही जातो व निदानही पक्के होते. काढा, लेप यांविषयी विचारायचे असेल तर एवढेच सांगेन की, शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे जे काही पोटात जाते ते सर्व भूलतज्ज्ञांना सांगावे. कशाने रक्त पातळ होईल याचा नेम नसतो.

पंचगंगा

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. पेट सीटीत ती एकच गाठ मंद उजळली, दुसरीकडे काही नव्हते. एचएचव्ही-८ नकारात्मक आले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एम्बोलायझेशन झाले. रात्री पोटात बरेच दुखले, त्याची कल्पना आम्हाला आधी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी पावणेतीन तास लागले. रक्ताची एक पिशवी द्यावी लागली. आतडे कापावे लागले नाही.

गाठ बरणीत घालून प्रयोगशाळेत पोचवायला माझ्याच हाती दिली. फॉर्मालिनच्या वासाने डोळ्यांत पाणी आले. बाहेरून ती फिकट तांबूस, बटाट्याएवढी, आणि एका अंगाला बांधलेल्या रोहिणीचे टोक, त्याला निळा धागा. ज्या वस्तूने वर्षभर घर वेठीला धरले होते ती रिक्षात माझ्या मांडीवर होती आणि खड्डा आला की मी बरणीच सावरत होते.

अंतिम अहवाल तोच आहे, हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकार, गाठ अखंड निघालेली, लिम्फोमा किंवा सार्कोमाची चिन्हे नाहीत. केमोथेरपी नाही. सहा महिन्यांनी सीटी, त्यानंतर वर्षाने. एकेटी पहिल्या बायॉप्सीनंतरच थांबवली होती. वजन दोन किलोंनी परत आले आहे. दिरांचा प्रश्न एकच आहे: मागावर बीम (सुताचा जड रूळ) चढवायचे काम कधी करता येईल?

पाचवा_टाका

छेद मधोमध उभा असेल तर तीन महिने बीमला हात लावू नये. सूत जोडणे, माग लावून देणे अशी हलकी कामे सहा आठवड्यांनंतर, आपल्या सर्जनना विचारून. खोकला आला की उशी पोटाशी धरायची.

सूक्ष्मदर्शी

अभिनंदन. प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ब्लॉक मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत; पुढे कोठेही, उदाहरणार्थ मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये, दुसरे मत घ्यावेसे वाटले तर अहवालाच्या कागदापेक्षा तेच उपयोगी पडतात. ब्लॉक मेणाचे असतात, तेव्हा पत्र्याचे घर असेल तर उन्हाळ्यात ते माळ्यावर ठेवू नयेत.